दवाखान्याच्या आठवड्यातली चाल

२ ऑगस्ट

चि. ढब्बूस,

पन्नाशीच्या माणसाला ढब्बू म्हणू नये, एवढं मला कळतं. पण दुसऱ्या नावानं तुला हाक मारायची मला सवय नाही, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी नव्या सवयी लागत नाहीत. पत्ता सूनबाईनं कळवला. घर बदललंत की दरवेळी तीच दोन ओळी टाकते, तुला न सांगता. तिच्यावर ओरडू नकोस. तिनं कळवलं नसतं, तर तू लिफ्ट दुरुस्त करतोस की लिफ्टमध्ये अडकून पडलायस, हे मला कधी कळलंच नसतं.

आधी कामाचं लिहिते. तुझ्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. ज्या हॉलमध्ये ते रेकॉर्डिंग करायचे, तो पाडणार पाडणार म्हणत होते, तो आता पाडत नाहीत. त्याला त्यांचं नाव देणार आहेत. पंधरा सप्टेंबरला दुपारी चारला समारंभ. त्याच दिवशी त्यांच्या चालींचं पुस्तक निघणार. संगीत कॉलेजातल्या एक प्राध्यापिका वर्षभर माझ्या वह्या घेऊन बसल्या आहेत. माझ्या म्हणजे अक्षर माझं, चाली त्यांच्या. एकेचाळीस वह्या आहेत. मुखपृष्ठावर त्यातल्या एका पानाचा फोटो घालायचं ठरलंय. कुठलं पान, ते तू ओळखलं असशील. सगळ्या जगाला ते एकच गाणं हवं असतं.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. नंबर सतरावा. तिथली नावं पुकारणारी बाई तेच गाणं गुणगुणत होती. मी मास्टरांची बहीण, हे कुणीतरी तिच्या कानात सांगितलं. झालं. सतराव्याची मी पहिली झाले. शेजारच्या म्हातारीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा वर्षभर मी हेच गाणं ऐकत होते, दुसरं काही ऐकवत नव्हतं." डोळ्यांत औषध घालायच्या आधीच माझे डोळे भरले. अशी माणसं गल्लोगल्ली आहेत.

तू यावंस असं तुझ्या आईला वाटतं. ती स्वतः लिहिणार नाही. मोडेन पण वाकणार नाही, हा तिचा स्वभाव तुला नव्यानं सांगायला नको. म्हणून मला पुढे केलंय. मीही म्हणते, ये. सव्वीस वर्षं झाली. भांडण बापलेकांचं होतं, मी आपली मधल्यामध्ये सापडले. बाप गेला. आता कुणावर रुसायचं?

उत्तर दे. दोन ओळी दिल्यास तरी चालेल.

तुझी आत्या


११ ऑगस्ट

चि. ढब्बूस,

उत्तर नाही. बरं.

तू गेलास तेव्हा जिना उतरताना बाबांकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघून म्हणालास, "आत्या, तू तरी." मागच्या पत्रात मी लिहिलं की मी मधल्यामध्ये सापडले. तू ते वाचून हसला असशील, नाहीतर कागद चुरगाळला असशील. म्हणून पुन्हा लिहायला बसले.

प्राध्यापिका काल आल्या होत्या. बाई हुशार आहेत, हळू बोलतात, आणि चहा गार होईपर्यंत हात लावत नाहीत. आपल्या घरात काम कसं चालायचं हे त्यांनी मला चौथ्यांदा सांगायला लावलं. तुला ते पाठ आहे, पण बाहेरच्यांना खरं वाटत नाही. एवढा मोठा संगीतकार, आणि त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती! लहानपणी गुरुजी त्याला गाणं शिकवायचे, आणि मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकता ऐकता लिहायला शिकले. त्याला लिहायचा कंटाळा आणि मला गायला बंदी, असं आमचं जमलं. पुढे माझं लग्न काही जमलं नाही, वही तेवढी जमली. तो दाढी करताना, बूट घालताना, जिन्यात, कुठेही गुणगुणायचा. मी पेन्सिल घेऊन मागे. पानाच्या कोपऱ्यात तारीख घालायची, बाकी काही नाही. नाव कशाला घालायचं? सगळंच त्याचं.

आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो पेटीपाशी बसायचा नि म्हणायचा, "वाच, ताई." मी वहीतलं गाऊन दाखवायची, बिनमिठाच्या आवाजात, भाव न घालता. तसंच त्याला हवं असायचं. आदल्या दिवशीचं त्याला ओ की ठो आठवायचं नाही. स्वतःची चाल तो परक्याची असावी तशी ऐकायचा आणि म्हणायचा, "ही ठेव," नाहीतर "ही फेक." तेवढ्यावर निकाल.

प्राध्यापिका म्हणाल्या, "ताई, मुखपृष्ठाच्या पानावर सतरा मार्च आहे."

"असेल."

"मास्टर तेरा ते एकवीस मार्च दवाखान्यात होते. अपेंडिक्सचं ऑपरेशन. माझ्याकडे दवाखान्याचा कागद आहे. आणि तुम्ही त्या आठवड्यात तिकडे गेलाच नव्हतात, तुम्हीच मला सांगितलंय. मग ही चाल तुम्ही ऐकली कुठे?"

मी हसले, ढब्बू. चांगली खळखळून हसले. म्हटलं, "अहो बाई, माझ्या तारखांवर कसल्या विसंबता! मी जन्मात कधी बरोबर तारीख घातली नाही." त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. पुस्तकात तळटीप घालणार आहेत, वह्यांतल्या तारखा भरवशाच्या नाहीत म्हणून.

चाळीस वर्षांत माझी एकही तारीख चुकलेली नाही. तुलाही ते माहीत आहे.

आत्या


१९ ऑगस्ट

ढब्बू,

आज सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून चहासुद्धा ठेवलेला नाही.

सतरा मार्चला दुपारी तू स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टेबलफॅन उघडून बसला होतास. तुझी आई दवाखान्यात. मी मटार सोलत होते. तुझ्या तोंडात स्क्रूड्रायव्हर, आणि त्याच्या बाजूनं तू गुणगुणत होतास. माझा हात सवयीनं वहीकडे गेला. अर्धं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे गुणगुणणारा दुसराच आहे.

तू विचारलंस, "काय लिहितेस?"

म्हटलं, "तुझंच."

तू स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढलास. कान लाल झाले होते तुझे. मग म्हणालास, "बाबा आले की वाच त्यांना. पण माझं नाव आधी सांगू नकोस. माझी म्हटली की ते ऐकणारच नाहीत नीट. त्यांना आवडली, ठेव म्हणाले, तरच सांग. फेक म्हणाले तर राहू दे."

मी म्हटलं, "बरं." तू म्हणालास, "शपथ?" मी मटार सोललेला हात तुझ्या डोक्यावर ठेवला.

त्या दिवसांत घराची काय अवस्था होती ते तुला आठवतंय. पाठोपाठ चार सिनेमे आपटले होते. चौदा महिने तुझ्या बाबांना काही सुचत नव्हतं. पूर्वी मी मागे मागे धावायची, आता ते माझ्याकडे बघत बसायचे, जणू माझ्या पेन्सिलीत काही शिल्लक असेल. दवाखान्यातून आले ते निम्मे होऊन. चोवीस तारखेला पहिल्यांदा पेटीपाशी बसले नि म्हणाले, "वाच, ताई. काही असेल तर वाच."

मी तीन जुन्या वाचल्या. तिन्ही फेक. मग तुझी वाचली.

ते म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा वाचली. आणि तुझे बाबा रडले, ढब्बू. मी त्यांची थोरली बहीण, वडील गेले तेव्हाही त्यांना रडताना मी बघितलं नव्हतं. टाक्यांवर हात दाबून धरला, हसताना-रडताना दुखत होतं म्हणून, आणि म्हणाले, "ही ठेव. ताई, आली बघ परत. मला वाटलं होतं कायमची गेली."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मनात म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, टाके काढले की सांगू. दुपारी निर्माता प्रकृती बघायला आला. त्याला यांनी तीच ऐकवली. तो तिथल्या तिथे नाचायचा बाकी होता. मग कवी आला, मग गाणारीण आली. उद्या सांगू, परवा सांगू करता करता उंटावर चढून बसले, आणि उतरायचं कसं ते कळेना. तू रोज विचारायचास, "वाचलीस का?" मी म्हणायची, "अजून पेटी उघडली नाही त्यांनी."

आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी घरी विसरलेलं औषध घेऊन तू हॉलवर आलास.

त्या हॉलमधली साठ माणसं मला आजही एकेक दिसतात. तू दारातच थांबलास. व्हायोलिनं तुझी चाल वाजवत होती. तू आधी हसलास. तुला वाटलं मी सांगितलं, बाबांनी घेतली, तुला चकित करायचा बेत आहे! ते हसू मी अजून विसरले नाही. मग तू बाबांकडे गेलास, आणि त्यांना काहीच ठाऊक नाही हे तुला कळलं. "ही माझी आहे, बाबा." त्यांनी आधी थट्टेवारी नेली. तू आवाज चढवलास. चोर म्हणालास. सगळी वाद्यं थांबली, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, सांग याला."

मी म्हटलं, "चाल मास्टरांची आहे."

एरवी मी त्यांना मास्टर म्हणत नसे. त्या दिवशी म्हटलं. मग त्यांनी तुझ्या थोबाडीत मारली.

भांडण बापलेकांचं नव्हतं. ते चोर नव्हते, तू खोटारडा नव्हतास. दोघांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि मी तुम्हा दोघांचाही गळा कापला.

आत्या


२८ ऑगस्ट

ढब्बू,

तू गप्प आहेस. राहा. मी सुरुवात केली आहे, आता मलाच थांबवत नाही.

एक राहिलं. मागच्या पत्रात ते लिहायचं धाडस झालं नाही.

शेवटच्या आजारपणात तुझ्या बाबांना गाणं नको झालं होतं, नुसते छताकडे बघत पडायचे. एका दुपारी तुझी आई आंघोळीला गेली होती. ते म्हणाले, "ताई, ती चाल. ती चोवीस तारखेला वाचलीस ना तू?"

"हो."

"म्हणजे लिहिलीस त्याच्या आधी. मी तर दवाखान्यात होतो तेव्हा."

मी म्हटलं, "दवाखान्याच्याही आधीची ती. तुला आठवत नाही, तुला कधी आठवायचं?"

ते म्हणाले, "पोरगा खरं बोलत होता का गं?"

पांघरूण नीट करत मी म्हटलं, "काहीतरीच काय. झोप."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा विचारलं नाही. नंतर ते पंधरा दिवस होते. पंधरा दिवसांत तुला तार करता आली असती, तुला येता आलं असतं. त्यांना तुझी माफी मागायची होती, हे मी त्यांच्या पाठीकडे बघून ओळखलं होतं. आयुष्यभर मी ते गुणगुणायच्या आत ओळखत आले, हे ओळखायला कसला वेळ! पण त्यांनी तुझी माफी मागितली असती तर मग माझं काय झालं असतं? मला भीती वाटली. मरणाऱ्या माणसाला मी फसवलं, ते स्वतःच्या भीतीपायी.

काल हे सगळं तुझ्या आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, झालं तुमचं सांगून?"

"झालं."

"मग आता हे या खोलीबाहेर जाता कामा नये. मुलगा गेला तो गेला. नवरा गेला. नाव तेवढं राहिलंय. तेही तुम्ही काढून घेणार?"

मी म्हटलं, "मुलगा परत येईल कदाचित."

"तुमच्यामुळे गेला, आणि तुमच्यामुळेच येईल? म्हणजे जाणंही तुमच्या हातात, येणंही? मी कोण मग त्याची?"

त्यानंतर तिनं माझ्या खोलीचं दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आत्या


६ सप्टेंबर

ढब्बू,

प्राध्यापिकांना सांगितलं. त्यांच्या कॉलेजात जाऊन सांगितलं, रिक्षा करून, दोन जिने चढून. सतरा मार्च ही तारीख खरी आहे, चाल भाच्याची आहे, पुस्तक थांबवा.

त्यांनी मला पाणी दिलं. माझा हात हातात घेतला. तो हात घेतला तेव्हाच मी समजले. म्हणाल्या, "ताई, परवा वहिनींचा फोन आला होता. त्या म्हणत होत्या, तुम्ही हल्ली थोडं विसरता. या वयात आठवणी एकमेकींत मिसळतात, वाईट वाटून घेऊ नका."

मी म्हटलं, "तारीख बघा ना वहीतली!"

"तारखा भरवशाच्या नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत. तळटीप छापूनही झाली."

दुसरा पुरावा कुठला आणणार? नाव घालायची पद्धतच नव्हती. त्या हॉलमधल्या साठांपैकी जे कुणी उरलेत, त्यांनी ऐकलं ते माझंच वाक्य. मी खोटं बोलले तेव्हा साठ माणसांनी ते जागच्या जागी खरं धरलं. आता खरं बोलतेय तर लोक मला पाणी प्यायला देतात. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते असं असतं.

परत येताना जिन्यात बसले थोडा वेळ, आणि तिथं मला वाटलं की तू एक प्रश्न विचारशील. कुणीही विचारेल. आत्या, पहिल्या दिवशी घाबरलीस हे समजलं. नंतर सव्वीस वर्षं?

त्याचं उत्तर मी कुणाला दिलेलं नाही. तुझ्या चालीच्या आधीपासून मी वहीत माझ्या चाली घालत होते.

चकित झालास? मीही पहिल्यांदा झाले होते. वयाच्या तिशीत एकदा त्याच्या तीन चाली वाचून झाल्यावर चौथी माझी वाचली. सहज, गंमत म्हणून. तो म्हणाला, "ही ठेव." अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. सांगणार होते, पण तो इतका खूश होता स्वतःवर! मग पुढच्या वर्षी आणखी एक. कधी दोन वर्षं काहीच नाही. लोक माझी गाणी लग्नात वाजवायचे, आगगाडीत म्हणायचे, आणि मी गर्दीत उभी राहून ऐकायची. मला ते पुरत होतं. पुरतं असं मी स्वतःला सांगत होते.

त्यामुळे तू हॉलमध्ये ओरडलास, "माझी आहे," तेव्हा मला तुझी दया आली नाही. मला राग आला तुझा. एका चालीसाठी एवढा आकांत? मी किती गिळल्या, हूं की चूं केलं नाही. हा कोण लागून गेला? मी गप्प बसते तर यानंही बसावं. आणि तुझं खरं म्हटलं असतं तर मग माझ्या चालींचं काय, हा प्रश्न आला असता. तो मला नको होता. मत्सर म्हण याला. मी तुला कडेवर घेऊन वाढवलं, आणि तुझा मत्सर केला.

समारंभात मला व्यासपीठावर बसवणार आहेत. पडदा मी ओढायचा आहे.

आत्या


१६ सप्टेंबर

ढब्बू,

तू आला नाहीस. मी दारावर नजर ठेवून होते. प्रत्येक टकलू माणूस तू असशील असं वाटत होतं, कारण तुझे केस गेले हे सूनबाईनं कळवलंय.

हॉल स्वच्छ करून ठेवलाय. भिंतींना नवा रंग, पण कोपऱ्यातली ती लाकडी फळ्यांची भिंत तशीच ठेवलीय. पाचशे लोक होते. मी पडदा ओढला. त्या पानाचा मोठा फोटो, माझं अक्षर हातभर उंच. मग वाद्यवृंदानं ती चाल वाजवली. पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसत होती. तुझी आई ताठ बसली होती, तिच्या हातात रुमाल होता पण तो तिनं वापरला नाही.

मला दोन शब्द बोला म्हणाले. माईक खाली करून दिला. मी म्हटलं, "ही चाल माझ्या भावाची नाही. त्याच्या मुलाची आहे. मुलगा खरं बोलत होता, मी खोटं बोलले. त्याचं नाव इथं लागायला हवं."

मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. उभे राहून वाजवली, ढब्बू. सूत्रसंचालक डोळे टिपत म्हणाला, "रुसून गेलेल्या भाच्यासाठी आत्याची ही माया! वडिलांचं जे ते मुलाचंच, असंच त्यांना सांगायचं आहे." मी म्हटलं, "अहो, तसं नाही," पण माईक त्यानं घेतलेला होता. मला हार घातला. मी हार काढला, तर लोकांना तो विनय वाटला.

आज वर्तमानपत्रात फोटो आलाय. खाली लिहिलंय, भावुक क्षण. मी हसत असल्यासारखी दिसतेय, पण तेव्हा मी ओरडत होते.

घरी आल्यावर तुझी आई म्हणाली, "जेवून घ्या." एकोणीस दिवसांनी बोलली. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो. ती म्हणाली, "फॅन दुरुस्त करत होता का तो त्या दिवशी? मी दवाखान्यातून आले तेव्हा पंखा चालू होता खरा." मी हो म्हटलं. ती उठून हात धुवायला गेली, आणि नळ बराच वेळ चालू होता.

आत्या


२२ सप्टेंबर

आत्या,

तुझी पत्रं मिळाली. पहिली दोन फाडली. तिसरं फाडता आलं नाही. ढब्बू म्हणणं बंद कर. एक पत्र मी कामाच्या जागी उघडलं, ते बरोबरच्या माणसानं वाचलं आणि आता सगळी कंपनी मला त्याच नावानं हाक मारते.

समारंभाला यायचं नव्हतं, आलो नाही. तू मला साठ माणसांसमोर खोटं पाडलंस, ते मी विसरलेलो नाही. विसरेन असंही वाटत नाही. बाबांनी विचारलं होतं, हे वाचल्यावर दोन दिवस कामावर गेलो नाही. त्याबद्दल तुझ्याशी काय बोलावं कळत नाही, म्हणून बोलत नाही. आईला सांग, रविवारी फोन करीन.

माझी कुठली, ते मला ठाऊक आहे. तुझ्या कुठल्या?


२७ सप्टेंबर

माझ्या लेकरा,

घे, बंद केलं ते नाव.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही, तू म्हणशील म्हातारी खरंच चळली. मला पुरावा मागितला नाहीस. तारीख विचारली नाहीस. व्यासपीठावरून ओरडूनही पाचशे माणसांनी माझं खरं धरलं नाही, तू मात्र माझ्या चालींचं एका पत्रावरून खरं धरलंस, आणि तेही ज्या बाईनं तुझं खरं धरलं नव्हतं तिचं. मी खूप रडले. तुझी आई दारात येऊन उभी राहिली, माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. रविवारचं तिला सांगितलंय. तिनं फोन पुसून ठेवलाय.

सात पत्रं होत आली, आणि एक शब्द मी अजून लिहिलेला नाही. मला माफ कर. करू नकोस म्हणालास तरी मला ते मागायचंच आहे. तुझ्या बाबांना जे मागू दिलं नाही, तेही त्यांच्या वतीनं मागते. मला तो अधिकार नाही, पण दुसरं कुणी उरलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. चार दिवस झाले, वह्यांचे फोटो समोर घेऊन बसलेय. वाटलं होतं भराभर लिहीन, मनात त्या कायम वेगळ्या ठेवल्या होत्या. पण एक माझी म्हणून लिहिली आणि आठवलं की तिचा मधला तुकडा त्यानं पेटीवर बदलला होता. दुसरी लिहिली, तर तिची सुरुवात त्यानं दाढी करताना गुणगुणलेल्या कशावरून तरी सुचली होती. तिसरीला त्यानं अशी काही वाद्यं लावली की मूळची माझी मला ओळखू येईना. त्यानं ठेव म्हटलेल्या सगळ्या हळूहळू त्याच्याच होऊन गेल्या. त्या आता मला सोडवून घेता येत नाहीत, आणि खरं सांगू का, घ्याव्याशाही वाटत नाहीत. तो मोठा होता. मी खोटं बोलले म्हणून तो लहान होत नाही.

फक्त एक आहे, चाळीस वर्षांपूर्वीची. मी ती वाचली, आणि तो म्हणाला, "ही फेक. ही कुणाची वाटतच नाही." मी ते पान फाडलं. पण चाल काही गेली नाही. ती कुठल्या सिनेमात नाही, कुणी गायली नाही, मीसुद्धा मोठ्यानं कधी म्हटली नाही. तीच एक माझी.

ती या कागदाच्या मागे लिहिली आहे. हात कापतो, त्यामुळे कोमल स्वरांच्या खुणा नीट आल्या नसतील. तुला वाचता येईल. दार लावून घे, नाहीतर कंपनीतले हसतील, आणि एकदा गाऊन बघ. मग मला लिही कशी आहे ते. वाईट असेल तर वाईट लिही. माझं मन राखायला काही खोटं लिहू नकोस.

आत्या